एकशे त्रेचाळिसावं गाणं

मुलाकडून होकार येऊन चार दिवस झाले होते, तेव्हा महादेवराव मावसाजी अकोल्याहून आले आणि त्यांनी पिशवीतून एक चपटं पाकीट काढून आईच्या हातात दिलं.

"नागसेनरावानं पाठवलं. मायासाठी."

आईनं ते हातावर तोलून पाहिलं. "साडी तर नाई दिसत."

"आजकालचे पोट्टे साड्या नाई देत, मनकर्णा. पाय तर खोलून."

पाकिटातून निघाली एक सीडी. पांढऱ्या कव्हरवर निळ्या मार्करनं लिहिलं होतं: 'माया यांस. गाणी १४२ + १.' अक्षर चांगलं होतं, त्यामुळे आईची निराशा थोडी कमी झाली.

ही गोष्ट २००७ सालची. माया म्हणजे माझी मोठी ताई. ती तेव्हा चांदूर रेल्वेच्या एका शाळेत शिक्षणसेवक होती, अमरावतीहून रोज एसटीनं जायची-यायची. मी भावना, एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि घरात सगळ्यांच्या कामात नाक खुपसणं हा माझा दुसरा विषय होता. बाबा, म्हणजे देवमन, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. आणि नागसेन हे अकोल्याचं स्थळ. मुलगा एका सरकारी कार्यालयात कॉम्प्युटरवर. "परमनंट!" असं मावसाजींनी बघण्याच्या दिवशी इतकं ठासून सांगितलं होतं, की आईनं मुलाच्या पोह्यांत दोन मुठी शेंगदाणे जास्तीचे टाकले.

आमच्याकडे चंदेरी रंगाचा एक सीडी प्लेअर होता. बाबा घरी नव्हते. ताईनं दार लोटून घेतलं, सीडी आत सरकवली. मशीन कुरकुरलं, पुन्हा कुरकुरलं, आणि त्याच्या छोट्या पडद्यावर तीन इंग्रजी अक्षरं आली, ज्यांचा अर्थ 'चुकलं' असा होता. आम्ही सीडी काढून ओढणीनं पुसली. फुंकर मारली. उन्हात धरून पाहिली. एकदा तर मी उलटीसुद्धा घालून पाहिली. मशीन आपलं तेच म्हणत राहिलं.

"खराब निघाली वाटते," मी म्हणाले. "भाऊजींची पहिलीच भेट फुसकी."

"हळू बोल," आई म्हणाली. "दिलेल्या वस्तूले नाव ठेवू नाई. त्यानं एवढ्या हौशीनं गाणे भरून पाठवले. विचारलं तर चांगले आहेत म्हणाव. अन् बाबाले तर सांगूच नका."

हे शेवटचं आम्हांला सांगायची गरज नव्हती. घरातली जी वस्तू चालत नाही असं बाबांना कळे, ती संध्याकाळपर्यंत वर्तमानपत्रावर सुट्या भागांत पसरलेली असायची. आमचं मिक्सर असंच गेलं होतं.

रविवारी संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. आमचा फोन पुढच्या खोलीत, आणि फोनच्या शेजारी खुर्चीत बाबा पेपर वाचत बसलेले. मी रिसीव्हरच्या मागच्या बाजूला कान लावून उभी राहिले. दोघंही इतकं शुद्ध बोलत होते, की जणू पलीकडे आकाशवाणीचा अधिकारी बसला आहे.

"सीडी मिळाली का?"

"हो, मिळाली."

"ऐकली?"

"ऐकली ना."

"सगळी? शेवटपर्यंत?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी जोरात मान हलवली.

"शेवटपर्यंत," ताई म्हणाली.

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज. "मग... गाणी आवडली?"

"खूप आवडली," ताई म्हणाली. इथं थांबली असती तर बरं होतं. पण मास्तरीणबाई, उत्तर सविस्तर लिहिलं तर गुण जास्त मिळतात असं तिला वाटतं. "शेवटचं तर फारच आवडलं. मी दोनदा ऐकलं."

"दोनदा?" भाऊजींचा आवाज फाटला आणि शुद्ध मराठी संपली. "खरंच? तुमी लय मोठ्या मनाच्या आहात. मले वाटलंच नव्हतं."

फोन ठेवल्यावर ताई कितीतरी वेळ विचारात होती. "एका गाण्यासाठी एवढं?" ती मला म्हणाली. "भलताच भावुक आहे गं."

त्यानंतर दर रविवारी फोन येऊ लागला आणि दर फोनला भाऊजी जास्त मोकळे होत गेले. ताईच्या मात्र निम्म्या गोष्टी डोक्यावरून जायच्या. बघण्याच्या दिवशी ते मोटरसायकलवर आले होते; मग एकदा त्यांच्या बहिणीला घेऊन आमच्याकडे आले, तेही बसनं. बाबांनी विचारलं, "मोटरसायकल नाई आणली?" तर भाऊजी ताईकडे पाहून हसले आणि म्हणाले, "गाडीचं तर यायले माहीतच आहे." ताईही हसली. काय माहीत आहे ते तिला ठाऊक नव्हतं, पण हसण्यासारखं असावं असं तिला वाटलं. जाताना त्यांनी तिच्या हातात एक पुस्तक दिलं. आम्ही उघडून पाहिलं तर लहान मुलांच्या गोष्टी, मोठा टाइप, पानापानावर ससा. "म्हटलं, इथूनच सुरुवात करतो," ते म्हणाले. ताईला ते फारच नम्र वाटलं. मला वाटलं, माणूस थोडा चक्रम आहे. पण मी तसं बोलले नाही, कारण सीडीच्या प्रकरणात मीही सामील होते.

साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख एप्रिलच्या दुसऱ्या रविवारची निघाली. आदल्या रविवारी आमच्या पुढच्या खोलीत पापडांचा कारखाना लागला. आत्या, मावशी, शेजारच्या वच्छलाकाकू, गल्लीतल्या आणखी सात-आठ जणी, सगळ्यांच्या पुढ्यात पोळपाट. बाबांचा भाचा प्रीतम, ज्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, तो आपला डीव्हीडी प्लेअर घेऊन आला होता. कोणाच्या तरी लग्नाची सीडी बायकांना पाहायची होती. ती पाहून झाली, तेव्हा प्रीतमची नजर टीव्हीवर ठेवलेल्या पांढऱ्या कव्हरवर गेली.

"हे कायचं?"

"जावयाची सीडी आहे," बाबा अभिमानानं म्हणाले. "एकशे बेचाळीस गाणे. आमची माया रोज ऐकते."

"एकशे बेचाळीस? मंग एमपीथ्री असन."

"ते काय असते?"

"मामा, तुमी जिनिंगमंदी कापूस पायला ना? ट्रकभर कापूस दाबून दाबून एवढीशी गाठ करतेत. तसंच गाणं दाबते. साध्या सीडीत पंधरा-वीस मावते, याच्यात दीडशे."

बाबांना ते पटलं नाही. "दाबल्यावर सूर चपटा नाई होत?"

"थोडा होते. कानाले समजत नाई."

"म्हणूनच आजकालचे गाणे बसल्यावानी वाटते," वच्छलाकाकू लाटता लाटता म्हणाल्या.

प्रीतमनं आमच्या चंदेरी प्लेअरकडे पाहिलं. "पण मामा, तुमच्या त्या डब्यात तर एमपीथ्री वाज..."

मी त्याच्या पायावर पाय दिला. जोरात दिला. प्रीतम हुशार आहे, त्यानं वाक्य गिळलं आणि सीडी आपल्या मशीनमध्ये टाकली.

खरं सांगते, मला आनंदच झाला होता. ताईलाही. दीड महिना ज्या गाण्यांचं कौतुक केलं, ती एकदाची कानावर पडणार होती. टीव्हीच्या पडद्यावर नावांची यादी आली. भाऊजींनी गाणी कोणत्या क्रमानं भरली होती, त्याच्याशी मशीनला काही घेणं नव्हतं. तिला फक्त एबीसीडी येत होती. भीमगीतं 'बी'त होती, गझला 'जी'त. आणि सगळ्यांत वर, 'ए'मध्ये एकटंच एक नाव होतं: 'ऐका माया'.

"नवीन गाणं दिसते," आत्या म्हणाली.

प्रीतमनं बटन दाबलं. आधी खरखर झाली. मग आवाज आला, "चालू झालं का बे?" दुसरा आवाज म्हणाला, "झालं, बोल." आणि मग:

"माया, जयभीम. मी नागसेन बोलून राहिलो. योगेश म्हणून माझा दोस्त आहे, त्याच्या नेट कॅफेत बसून बोलतो. तुमी एकशे बेचाळीस गाणे ऐकून इथपर्यंत पोचल्या, म्हणजे बाकीचे लोक कटाळून कवाचेच उठून गेले असतीन. म्हणूनच हे शेवटी टाकलं."

खोलीत अकरा बायकांचे अकरा बेलणे थांबले.

"मले तीन गोष्टी सांगाच्या आहेत. एक म्हणजे, ती मोटरसायकल माझी नाई, जीजाजीची आहे. दुसरी, तुमी विचारलं होतं कोणते पुस्तकं वाचता, मी म्हटलं सगळेच. मी शाळा सुटल्यापासून एकही पुस्तक वाचलं नाई. पेपर वाचतो, तोही मांगच्या पानापासून. अन् तिसरी..." इथं मागून कोणीतरी 'दोन कट चहा' असं ओरडलं. "तिसरी मोठी आहे. महादेवरावजीनं तुमच्याकडे परमनंट सांगितलं. मी परमनंट नाई. अकरा महिन्याचं कंत्राट असते, दरवर्षी नवीन ऑर्डर निघते. त्या दिवशी मी बोलणारच होतो, पण तेवढ्यात मामीनं पोहे दिले अन् तोंड भरलं."

आईनं मान खाली घातली.

"तुमाले हे जमत नसन, तर फोनवर फक्त म्हणा, गाणे आवडले नाई. मी समजून जाईन. माझ्याकडूनच नाई म्हणून टाकतो, तुमच्यावर कोणी बोट ठेवणार नाई. अन् आवडले म्हणाल, तर मंग... योगेश, हे बंद कसं करतेत बे?"

खटका वाजला, आणि लगेच ढोलकी सुरू झाली, छान ठेक्याची. कोणी हललं नाही. फक्त वच्छलाकाकू म्हणाल्या, "अजून एकदा लाव बरं, मले पह्यली गोष्ट नीट आयकू नाई आली." प्रीतमनं घाईघाईनं टीव्हीच बंद केला.

मी ताईकडे पाहिलं. ती पिठाचा गोळा हातात धरून तशीच बसली होती आणि तिच्या डोळ्यांपुढून ते सगळे फोन एकामागून एक चालले होते, हे मला स्पष्ट दिसत होतं. खूप आवडली. शेवटचं तर फारच. दोनदा ऐकलं.

"माया," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी खाली उतरला होता, आणि तो तसा उतरला की आम्ही घाबरतो. "तुले हे माईत होतं?"

ताईला किती वेळ लागला असेल? एखादा श्वास. आईला माहीत होतं की तिनं ऐकलं नाही, मला माहीत होतं, आणि चिरडल्या पायामुळे प्रीतमलाही बहुधा कळलं होतं.

"हो," ताई म्हणाली.

"अन् मले नाई सांगतलं?"

"तुम्ही विचारलं नाही, बाबा."

"परमनंट नाई तो!"

"मी तरी कुठं आहे? मी पण शिक्षणसेवकच आहे. अजून दीड वर्ष बाकी आहे माझं."

बाबा उठले आणि अंगणात जाऊन स्कूटर उघडायला बसले. स्कूटरला काही झालेलं नव्हतं.

"पापड वाळून राह्यले," आई सगळ्यांना म्हणाली. "हात चालवा."

नंतर स्वयंपाकघरात तिनं ताईला गाठलं. "काहून हो म्हटलं व?"

ताई भांडी विसळत होती. "त्याला हे सांगायला कोणी लावलं होतं का, आई? गुपचूप बसला असता तर लग्नापर्यंत कोणाला कळलं असतं?"

आईनं विसळलेलं पातेलं पुसून ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "पोह्याचं नाव घ्याची काई गरज नव्हती त्याले."

तिकडे बाबांनी मावसाजींना फोन लावला होता. मावसाजी मुळीच ओशाळले नाहीत. "साडूभाऊ, चार वर्षांपासून दरवर्षी ऑर्डर निघून राहिली. एक वर्ष चुकलं नाई. मी याले परमनंटच म्हणतो. तुमी काय म्हणता?" बाबांनी काय म्हटलं ते मी इथं सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा नवा शर्ट घालून उभे. "मी अकोल्याले चाललो. ज्याले माईत होतं, त्यानं सोबत चालाव." ताई शाळेत सुटीचा निरोप देऊन निघाली. मला कोणी चल म्हटलं नव्हतं, म्हणून मी न विचारताच निघाले. पूर्ण रस्ताभर बाबा खिडकीबाहेर पाहत राहिले. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा मी गरम भजी आणली, ती त्यांनी घेतली नाहीत. बाबा भजी नाही म्हणतात तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

भाऊजींच्या कार्यालयासमोर एक चहाची टपरी होती. दुपारच्या सुटीत भाऊजी बाहेर आले आणि आम्हां तिघांना बाकड्यावर रांगेनं बसलेलं पाहून जागीच थांबले. मग पुढे येऊन म्हणाले, "जयभीम, मामाजी."

"जयभीम. बसा. तुमी परमनंट नाई म्हणे."

भाऊजींनी एकदा ताईकडे पाहिलं. "नाई. पण मी लपवलं नाई, मामाजी. मी यायले सीडीत सगळं सांगितलं होतं. यायनं ऐकून घेतलं, दोनदा ऐकलं, अन् तरी होकार दिला. मी माझ्या आईले म्हटलं, एवढ्या मोठ्या मनाची पोरगी आपल्याले पाहून सापडणार नाई. मी तर..."

"थांबा," ताई म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "पुढं बोलू नका. मी ती सीडी ऐकलीच नव्हती."

"नाई?"

"आमच्या मशीनवर वाजलीच नाही. काल पहिल्यांदा ऐकली. प्रीतमच्या डीव्हीडीवर."

"मग त्या दिवशी आवडली म्हटलं, ते?"

"तुम्हांला वाईट वाटू नये म्हणून."

"अन् दोनदा ऐकली?"

"ते जरा जास्तच झालं."

भाऊजी स्टुलावर बसले. चहावाल्यानं न सांगता त्यांच्यापुढे पाणी ठेवलं. "म्हणजे गाडीचं तुमाले माहीत नव्हतं," ते हळूहळू मोजल्यासारखं म्हणाले. "अन् ते पुस्तक? ते दिलं तवा तुमी काय समजल्या?"

"मला वाटलं, विनय."

मला हसू आवरलं नाही. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी चहाच्या ग्लासात तोंड घातलं.

"दीड महिना," भाऊजी म्हणाले, "दीड महिना मी तुमचे उपकार मानून राहिलो."

"मग घ्या परत," ताई म्हणाली.

"ते राहू द्या," बाबा मध्ये पडले. त्यांचा सगळा रोख आता ताईकडे वळला होता. "तू काल माह्या तोंडावर खोटं बोलली?"

"हो, बाबा."

"काहून?"

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही कालच नकार कळवून मोकळे झाले असते. मग मला इथं कोणी आणलं असतं? नुसता आवाज ऐकला होता मी. असं सांगताना माणसाचं तोंड कसं होते, ते मले पाहाचं होतं."

रागात किंवा लाजेत ताईची शुद्ध मराठी सुटते. तेव्हा दोन्ही असावं. बाबांनी चहाच्या ग्लासातली साय बोटानं बाजूला केली. मग भाऊजींकडे वळले.

"सांगा मंग. माह्यासमोर, तिच्यासमोर. मशीन नाई आता."

भाऊजी उठून उभे राहिले, शाळेत कविता म्हणायला उभं करतात तसे. कपाळावर घाम होता. "मी नागसेन. मी कंत्राटी आहे. गाडी जीजाजीची आहे. मी पुस्तक वाचत नाई. म्हणजे ससावालं वाचलं, दोन प्रती घेतल्या होत्या." मग थोडं थांबून, "अन् आणखी एक आहे, ते सीडीत राहून गेलं. मले शेंगदाणे चालत नाईत. त्या दिवशी पोह्यातले मी खिशात टाकले. अर्धा पावशेर तरी निघाले असतीन."

ताई त्यांच्याकडे पाहत होती, अगदी सरळ. तिच्या ओठांचे कोपरे हलायला लागले होते.

"एखाद्या वर्षी ऑर्डर नाई निघाली, तर?" बाबांनी विचारलं.

"योगेशकडे कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. आताही सांजच्याला करतोच."

"दुरुस्ती?" बाबांनी ग्लास खाली ठेवला. "म्हणजे उघडता?"

"हो. पूर्ण खोलतो."

"अन् परत लावता?"

"लावतो ना."

"स्क्रू उरत नाई?"

"पह्यले उरे," भाऊजी प्रामाणिकपणे म्हणाले. "आता खोलताना कागदावर मांडून ठेवतो, ज्या जागी होता त्या जागी."

बाबांनी चहावाल्याला आणखी दोन चहा सांगितले. तिथून पुढची वीस मिनिटं आम्ही दोघी बहिणी तिथं नव्हतोच. पंखा का अडकतो, धूळ कुठं जमते, सीडीचं भिंग कशानं पुसावं, थिनर चालतं की नाही. सुटी संपल्याची घंटा झाली तेव्हा बाबा नाइलाजानं उठले.

"तुहं काय म्हणणं आहे?" त्यांनी ताईला विचारलं.

"माझं काल होतं तेच," ताई म्हणाली. मग भाऊजींना म्हणाली, "गाणी मात्र मी अजून ऐकलेली नाहीत. त्यांचं नंतर सांगेन."

परतीच्या बसमध्ये बाबांनी मूर्तिजापूरला स्वतः उतरून भजी आणली.

साक्षगंध ठरलेल्या रविवारीच झालं. बाबांनी एक अट घातली होती, ती मावसाजींसाठी: ज्या तोंडानं परमनंट सांगितलं, त्याच तोंडानं चारचौघांत खरं सांगायचं. वंदना झाली, अंगठ्या झाल्या, आणि महादेवराव मावसाजी जाकीट सारखं करून उभे राहिले.

"मंडळी, मुलाच्या नोकरीबद्दल थोडा खुलासा. मुलगा सरकारी कार्यालयात आहे. वर्षातून अकरा महिने शासनाची सेवा करतो. बाराव्या महिन्यात ऑर्डरची वाट पाहतो, तेव्हा घरी असतो. म्हणजे आमच्या मायाले वर्षातून एक महिना नवरा पूर्ण वेळ भेटणार. असं स्थळ परमनंटवाल्यात तुमाले भेटन का, तुमीच सांगा."

मंडपात हशा उसळला. बाबांनी डोक्याला हात लावला. भाऊजी खाली पाहत होते, पण कान हसत होते. वच्छलाकाकू शेजारणीला सांगत होत्या की हे सगळं त्यांना आठ दिवस आधीपासून माहीत आहे, आणि मोटरसायकलीचंही.

मी वाढायच्या गडबडीत होते. तेव्हा भाऊजींची आई, चंदाबाई, मंडपातून उठून आमच्या स्वयंपाकघरात आली. बारीक बाई, निळं लुगडं, हातात घड्याळ. बघण्याच्या दिवशीही आली होती ती; घोटभर पाणी पिऊन गेली होती आणि पोह्यांना तिनं हात लावला नव्हता. आईला ते तेव्हा लागलं होतं.

"बाई," ती आईला म्हणाली, "मी तुमच्या घरी त्या दिवशी काई खाल्लं नाई. तुमी मनात ठेवलं असन."

"नाई बाई," आई म्हणाली. तिनं ठेवलं होतं.

"मावसाजी बोलले अन् मी गप्प बसली. पोरगा मले रोज म्हणे, सांगून टाकू. मी म्हणो, थांब, चांगलं घर आहे, हातचं जाईन. मंग तुमच्या घरचा घास कसा उतरन? आज सगळ्यायसमोर झालं. आता मले भूक लागली."

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग पाट ओढला, ताट घेतलं आणि मंडपातल्या पंगतीची वाट न पाहता तिला तिथंच चुलीजवळ बसवलं. भाजी वाढली, वरण वाढलं, गरम पुऱ्या टाकल्या. चंदाबाई मान खाली घालून जेवत राहिली, मधूनच पदरानं डोळे टिपत राहिली. आई शेजारी बसून तिच्या ताटाकडे लक्ष ठेवत होती, आणि बाहेरून कोणी पुऱ्या मागितल्या की सांगत होती, "थांबा जराशे. इथं विहीणबाई जेवून राहिल्या."